भट्टीचे माप

गेल्या पावसाळ्यात मी मुलांसाठी लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी वाचली आणि तिच्याविषयी लिहावे की न लिहावे, या विचारात श्रावण-भाद्रपद गेले. कादंबरी चेटकिणींची आहे. मी राहतो त्या मुलखात चेटकीण हा केवळ कथा-कादंबऱ्यांतला विषय नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या समीक्षकाला जो प्रश्न कदाचित पडणारही नाही तो मला पडला, आणि त्याने माझ्या वाङ्मयविषयक काही जुन्या समजुती हलवून सोडल्या. तो प्रश्न रसिकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. जिल्ह्याचे ठिकाण येथून दोनशे किलोमीटरांहून दूर. प्राणहिता गावाला लागून वाहते, थोडे खाली जाऊन गोदावरीस मिळते, आणि पलीकडच्या तीरावर तेलंगणातले कालेश्वर आहे. इंग्रजी अमदानीत हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पुढे ते चांदा जिल्ह्यात आले, आणि १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा निघाला तेव्हा त्याच्या वाट्याला गेले. येथली मुले बहुधा घरात तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. आतल्या खेड्यांतून आलेल्या मुलांची भाषा माडिया असते. माझे आयुष्य या मुलांना मराठी शिकविण्यात गेले. निवृत्तीनंतर घराच्या ओसरीवर दोन कपाटे पुस्तके ठेवली आहेत. तेरा-चौदा वर्षांची सहा-सात मुले संध्याकाळी येतात. पुस्तके नेतात, आणतात, आणि दिवे गेले की गोष्ट सांगा म्हणतात. ही कादंबरी मी त्यांना अशीच, तुकड्यातुकड्याने, मराठीत सांगितली. म्हणून मी तिचा वाचकही आहे आणि कथेकरीही. आणि जे मला वाचताना कळले नाही ते सांगताना कळले.

कादंबरीचे नाव ‘द वी फ्री मेन’; लेखक टेरी प्रॅचेट. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. प्रॅचेट (१९४८–२०१५) यांनी ‘डिस्कवर्ल्ड’ नावाचे तबकडीसारखे सपाट जग कल्पून त्यावर चाळीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ही त्यांतली तिसावी, आणि टिफनी एकिंग या मुलीच्या पाच कादंबऱ्यांपैकी पहिली. टिफनी नऊ वर्षांची आहे. खडूच्या दगडाच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर मेंढपाळांची वस्ती आहे. तेथे ती लोणी आणि चीज करण्यात तरबेज आहे. तिचा धाकटा भाऊ सदा चिकट हातांचा, सदा गोड मागणारा. परीलोकाची राणी त्याला पळवून नेते, आणि टिफनी हातात लोखंडी तवा घेऊन त्याला आणावयास निघते. सोबतीला वीतभर उंचीचे, निळ्या अंगाचे, चोरी, दारू आणि मारामारी यांतच जन्माचे सार्थक मानणारे बुटके वीर आहेत. त्यांना त्रिभुवनात भय आहे ते फक्त वकिलांचे. एवढ्यावरून कादंबरी गमतीची वाटेल, आणि ती तशी आहेही. माझी ओसरी त्या बुटक्यांनी कितीतरी वेळा हसविली.

परंतु या गमतीच्या तळाशी एक मृत्यू आहे. गावाबाहेर रानात मिसेस स्नॅपर्ली नावाची एक म्हातारी राहत असे. तोंडात दात नव्हते, ती स्वतःशीच बोलत असे, आणि तिने मांजर पाळले होते. एके दिवशी तेथल्या सरदाराचा मुलगा रानात नाहीसा झाला. लोक म्हातारीच्या घरी गेले. त्यांनी तिच्या भट्टीत डोकावून पाहिले, बाग खणून काढली, मांजराला दगडांनी ठेचले, तिला बाहेर काढले, आणि तिच्या पुस्तकांसकट घर जाळले. हिवाळ्यात ती दारोदार हिंडली. कोणी दार उघडले नाही. ती बर्फात मेली. हे सारे टिफनीने पाहिले आहे, ऐकले आहे. नंतर तिने एक अगदी साधी गोष्ट केली : त्या भट्टीचे माप घेतले. त्या भट्टीत मुलगा मावणे शक्यच नव्हते.

हे भट्टीचे माप मला साऱ्या कादंबरीचा गाभा वाटते. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हॅन्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीपासून भट्टी आणि म्हातारी ही जोडी युरोपातल्या मुलांच्या मनात पक्की बसलेली आहे. स्नॅपर्लीच्या घरात शिरलेल्या लोकांनी प्रथम भट्टी पाहिली, ती या गोष्टीमुळे. म्हातारी गोष्टीतल्या चेटकिणीसारखी दिसत होती. मग गोष्टीत जे घडते ते तिने केलेले असणारच! टिफनी गोष्टींच्या पुस्तकाकडे उलट तपासणी घेणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहते. ओढ्यातल्या राक्षसिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात असे पुस्तकात लिहिलेले आहे, तर ती घरातली बशी आणून मोजते : आठ इंच. तिच्या दृष्टीने संशयाचे कारण म्हातारी नाही, गोष्टच आहे. आजवर म्हातारीवर ठेवलेला संशय या कादंबरीने उचलून गोष्टीवर ठेवला. एका बालकादंबरीने एवढे करावे, हे मला थोडे वाटत नाही.

येथवर मी निव्वळ वाचक होतो. सांगावयास बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी शब्दाशी अडलो. इंग्रजीतल्या ‘विच’ला मराठीत काय म्हणावे? मी ‘चेटकीण’ म्हणालो, आणि मुले खदखदून हसली. ते साहजिक होते. आपली चेटकीण रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची. ती प्रथम दिलीप प्रभावळकरांनी रंगविली. २०१८ साली नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा वैभव मांगल्यांनी. नागपुरास नातीबरोबर मी तो प्रयोग पाहिला. प्रेक्षागृहातली पोरे चिंचीला ओरडून उत्तरे देत होती, आणि मीही मनमुराद हसलो होतो. हसण्यासारखी चेटकीण निर्माण करणे हे त्या नाटकाचे श्रेय आहे, ते मी कमी लेखीत नाही. पण मला हवा होता तो शब्द हा नव्हता. हडळ, जखीण या मेलेल्या बायका. डाकीण हा शब्द जिवंत बाईला लावतात, पण तो तिकडे नंदुरबारच्या बाजूचा. आमच्या मुलांना तो परका. मी असा चाचपडत असता मागून एक मुलगा हळूच म्हणाला, “मंत्रगत्ते.” हा तेलुगू शब्द. दुसऱ्याने ‘चेतबडी’ म्हटले, तिसऱ्याने ‘बाणामती’. नदीच्या पलीकडची बाणामती म्हणजे अलीकडची आपली भानामती; या एका शब्दाला पूल लागला नाही.

हसणे थांबले. ओसरीवर कोणी काही बोलेना.

ते का थांबले हे सांगावयास मला फार दूर जावे लागत नाही. मे २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा या गावी, जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोघांना जिवंत जाळण्यात आले. पंधरा जणांना अटक झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयाने म्हाताऱ्या माणसांना बांधून मारहाण झाली. हे वर्तमानपत्रांत आलेले आहे. जे येत नाही, ते मुलांना ठाऊक असते : अमक्या घरचे पाणी पिऊ नकोस, तमकीच्या दारावरून जाऊ नकोस. माझ्या समोर बसलेल्या मुलांना स्नॅपर्लीची हकीकत अद्भुत वाटली नाही. बुटके निळे वीर त्यांना अद्भुत वाटले. म्हातारीचे जळणे ओळखीचे वाटले.

आपल्याकडे अद्भुताचा विचार करताना कोलरिजचा दाखला देण्याची प्रथा आहे. काव्य वाचताना वाचक आपला अविश्वास स्वखुशीने तहकूब करतो, आणि त्या तहकुबीत काव्यावरची श्रद्धा उभी राहते, असा त्याने १८१७ साली मांडलेल्या विचाराचा आशय आहे. मीही वर्गात तो वर्षानुवर्षे शिकविला. या पावसाळ्यात त्यातली एक अडचण प्रथमच माझ्या ध्यानात आली. अविश्वास बाजूला ठेवावयाचा तर तो आधी जवळ असावा लागतो. लंडनच्या वाचकाजवळ तो आहे. तेथे जादूटोण्याला देहदंड देणारा जेम्स राजाच्या काळचा १६०४ चा कायदा १७३५ साली रद्द झाला, आणि नव्या कायद्याने जादूची शक्ती अंगी असल्याचा दावा हाच गुन्हा ठरविला. पावणेतीनशेहून अधिक वर्षांचा अविश्वास गाठीशी बांधून तेथला मुलगा पुस्तक उघडतो. घटकाभर तो गहाण ठेवला तरी त्याचे काही जात नाही. आमच्या मुलाजवळ गहाण ठेवावयास काय आहे? त्याच्या पदरी विश्वासच आहे, आणि त्या विश्वासाने माणसे मरतात.

या एका फरकाने सारी चेटकीण-कथा निराळी दिसू लागते. रोआल्ड डाल यांची ‘द विचेस’ ही कादंबरी १९८३ ची. ती अतिशय खुसखुशीत आहे, आणि तिच्यातल्या नॉर्वेजियन आजीवर कोणाचेही प्रेम बसावे. परंतु तिची मांडणी काय आहे? चेटकिणी खऱ्या असतात, त्या साध्यासुध्या बायकांसारख्या दिसतात, कोणतीही बाई चेटकीण असू शकते. मात्र खुणा ठाऊक असल्या तर तिला ओळखता येते. हातमोजे, टोप, बोटे नसलेली पावले, निळी थुंकी. खुणांची यादी! पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मुलखात ‘मालेउस मालेफिकारुम’ हा चेटकिणी हुडकण्याचा ग्रंथ छापला गेला. डाल यांची विनोदी यादी ही त्या भयंकर ग्रंथाची खेळकर नात आहे. डाल यांनी हे सिरोंच्यासाठी लिहिलेले नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या कपाटात ते पुस्तक होते, आणि ते मी काढून घरात नेऊन ठेवले. हे योग्य केले की अयोग्य, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

जे. के. रोलिंगबाईंचा हॅरी पॉटर माझ्या कपाटात मराठीत आहे. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ची पाने मुलांनी पार खिळखिळी करून टाकली आहेत. तेथे चेटूक ही एक विद्या आहे, तिची शाळा आहे, परीक्षा आहे, वसतिगृह आहे. आश्रमशाळेतून आलेल्या मुलांना त्यातले वसतिगृह फार जवळचे वाटते. तथापि १९९९ च्या तिसऱ्या भागाच्या आरंभी एक विनोद आहे. हॅरीला सुट्टीत निबंध लिहावयाचा असतो : चौदाव्या शतकात चेटकिणींना जाळणे कसे निरर्थक होते. निरर्थक अशासाठी की खऱ्या चेटकिणीला आग भाजतच नसे. एका बाईला तर जळण्याची इतकी गंमत वाटे की ती सत्तेचाळीस वेळा मुद्दाम पकडली गेली. इंग्लंडात हा विनोद निरुपद्रवी असेल. मी तो ओसरीवर वाचून दाखवू शकलो नाही. आग ज्यांना खरोखर भाजली, त्या विनोदात त्यांना जागाच नाही; जळाल्या त्या चेटकिणी नव्हत्याच, आणि ज्या चेटकिणी होत्या त्या जळाल्या नाहीत, असे म्हणून तो प्रश्न हसण्यावारी नेतो.

प्रॅचेट हे करीत नाहीत, म्हणून ते मला मोठे वाटले. त्यांनी जळालेल्या घराची राख कादंबरीत अखेरपर्यंत ठेवली आहे. टिफनीला चेटकीण व्हावेसे वाटते ते शक्तीच्या हव्यासाने नव्हे. असे पुन्हा कोणाचे होऊ नये म्हणून. शिव्यांच्या यादीतला एक शब्द उचलून ती तो स्वतःच्या नावापुढे लावते. अशा उत्साहात मी आठ संध्याकाळी कथा सांगितली. टिफनी भावाला घेऊन आली, सरदाराचा हरवलेला मुलगाही परीलोकातच सापडला, म्हातारी निर्दोष ठरली. मी थांबलो. आतल्या गावची, घरी माडिया बोलणारी एक मुलगी कोपऱ्यात बसलेली असते. फारसे बोलत नाही. तिने विचारले,

“सर, म्हणजे चेटकिणी असतातच ना? त्या लोकांनी चुकीची धरली, एवढंच.”

मी निरुत्तर झालो. समीक्षेची पुष्कळ पुस्तके वाचूनही या कादंबरीवरचा इतका नेमका आक्षेप मला सुचला नव्हता. टिफनीला खरोखरच शक्ती आहे. राणी खरी आहे, परीलोक खरा आहे. जर कादंबरीत चेटूक खरे असेल, तर जाळणाऱ्यांची चूक पत्त्याची ठरते, समजुतीची नाही. उद्या कोणी म्हणेल, आम्ही बरोबर पत्त्यावर आलो आहोत.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळी गाजलेला वाद आता जुना झाला. त्यात मी मनाने नेहमी फडक्यांच्या बाजूस असे. कलाकृतीने उपयोगी पडावे ही मागणी मला असंस्कृत वाटे. त्या रात्री मात्र मी पुस्तक पुन्हा उघडले ते उपयोगासाठीच, हे कबूल केले पाहिजे. आणि गंमत अशी की उपयोग शोधता शोधता मला तिची कलाच अधिक नीट दिसली.

कादंबरीत आणखी एक म्हातारी आहे : टिफनीची आजी, ग्रॅनी एकिंग. कथा सुरू होण्याआधीच ती वारलेली आहे, पण पानापानांवर तिची आठवण आहे. ती मेंढपाळ होती. तिच्या अंगाला मेंढ्यांचा, टर्पेंटाइनचा आणि तंबाखूचा वास येई. तिला कोणी चेटकीण म्हटले नाही, आणि तरी टिफनीच्या लेखी खरी चेटकीण तीच. सरदाराच्या कुत्र्याने मेंढी मारली. अशा कुत्र्याला तेथे मृत्यूची शिक्षा. आजीने त्याला एका कोठारात व्यालेल्या मेंढीबरोबर आणि कोकराबरोबर कोंडले. कोकरासाठी मेंढीने त्याला असे बडविले की पुन्हा तो मेंढरांकडे फिरकला नाही, आणि त्याचा जीवही वाचला.

दुसऱ्या संध्याकाळी मी मुलांना एवढाच प्रसंग पुन्हा सांगितला आणि विचारले, यात चेटूक कोणते? मुले म्हणाली, काहीच नाही. तिला जनावर कळत होते. मग तेलुगू शब्द सांगणाऱ्या त्या मुलाने विचारले, “पण मग ही पण म्हातारी, ती पण म्हातारी. हिला कोणी जाळली का नाही?” उत्तर कोपऱ्यातून आले : “हिच्यामागे माणसं होती. मेंढ्या होत्या.”

हे मी वाचताना पाहिले नव्हते. प्रॅचेट यांनी दोन म्हाताऱ्या समोरासमोर ठेवल्या आहेत. जिच्याजवळ ज्ञान आहे तिच्यावर आरोप नाही. जिच्यावर आरोप आहे तिच्याजवळ काहीच नाही, ना शक्ती, ना दात, ना माणूस. आरोप कोणावर पडतो हे चेटकावरून ठरत नाही. कोणाची किती पत आहे यावरून ठरते. या कादंबरीतल्या जादूचे नावही ध्यानात घेण्यासारखे आहे. समोर जे खरोखर आहे तेच पाहणे आणि आपण विचार करतो आहोत त्याचाही विचार करणे, ही टिफनीची मुख्य विद्या. राणीचे सारे बळ स्वप्नांत गुंतविण्यात आहे. टिफनी तिला हरविते ती स्वप्न हे स्वप्न म्हणून ओळखून. अर्थात् मुलीचा आक्षेप याने पुरता फिटत नाही. राणी कादंबरीत आहे, आणि ती खरी आहे. ते मला पुसता येत नाही. पण आक्षेपाचे वजन अर्धे तरी उतरते.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे रानातल्या लोकांच्या अज्ञानावर शहाण्या मास्तराने केलेले भाष्य वाटेल. माझे लहानपण वर्धेकडच्या एका खेड्यात, शिकल्या-सवरल्या घरात गेले. दोन घरे सोडून एक विधवा राहत असे. तिची नजर वाईट, असे सारे म्हणत. परीक्षेला जाताना मला मागच्या दाराने काढीत. एकदा तिने मला हाक मारून ओंजळभर बोरे दिली. मी वळणापर्यंत गेलो आणि ती नालीत टाकली. तिला कोणी मारले नाही, घर जाळले नाही. फक्त तिच्या हातचे कोणी कधी काही खाल्ले नाही. ती वारल्याचे मला सुट्टीत घरी गेल्यावर कोणीतरी बोलता बोलता सांगितले. आम्ही भट्टीत डोकावलो नाही, हे खरे. पण भट्टीचे माप घ्यावे असेही आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. बारसेवाड्याची आग आणि माझी नालीतली बोरे यांत फार अंतर आहे, हे मला कळते. रस्ता मात्र एकच आहे.

कादंबरीचा दुसरा उणेपणा मला याच रस्त्यावर दिसतो. रानातली एकटी, बोळकी, मांजरवाली म्हातारी हे चित्र शेवटी गोष्टींच्या पुस्तकातूनच आलेले आहे. आमच्याकडे आरोप पुरुषावर होतो, मुलाबाळांत राहणाऱ्या बाईवरही होतो. आणि पुष्कळदा तो त्याच माणसावर होतो ज्याच्याकडे काल औषधाला, उताऱ्याला गेले होते. ज्याला काढता येते त्याला घालताही येते, असा हा हिशेब आहे. पहिल्या कादंबरीत ज्ञानी म्हातारी आणि जळालेली म्हातारी या दोघी वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात त्या एकच असू शकतात.

हे प्रॅचेट यांनाही जाणवले असावे असे मला वाटते. कारण मालिकेतल्या चौथ्या कादंबरीत, २०१० च्या ‘आय शॅल वेअर मिडनाइट’मध्ये, त्यांनी त्या दोघींना एकत्र आणले. ते पुस्तक मी मुद्दाम मागवून वाचले. टिफनी आता पंधरा-सोळा वर्षांची आहे. ती म्हाताऱ्यांची नखे कापते, जखमा बांधते, बाळंतपणे करते, मरणाऱ्याच्या उशाशी बसते. आपल्याकडे या कामांना सुईण, वैदू, आजीबाई अशी निराळी नावे आहेत. चेटकीण हे नाव त्यांत नाही, आणि म्हणूनच भाषांतरकाराची खरी परीक्षा येथे आहे. म्हातारा सरदार तिच्या शुश्रूषेत असता मरतो, आणि तिनेच त्याला मारले असा आळ येतो. ज्यांची दुखणी तिने काढली तेच तिच्याकडे तिरके पाहू लागतात. येथे कादंबरीकार एक चूक करतो असे माझे मत आहे : चेटकिणींचा द्वेष करणारे एक जुने, देहहीन भूत गावोगाव हिंडते आणि माणसांची मने नासविते, असे तो दाखवितो. द्वेषाचे भूत केले की माणसे सुटतात. मात्र ज्या मनात आधीच जागा असते तेथेच ते शिरते, एवढी अट त्याने घातली आहे. ती अट नसती तर मी ते पुस्तक कपाटात ठेवले नसते.

आमच्याकडे या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याच्या भाषेत लिहिले गेले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असे आहे की अमका करणी करतो, मंत्राने जनावरांचे दूध आटवितो, अपशकुनी आहे, रोगराई पसरवितो असे भासवून त्याचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हातारीवरचा संशय उचलून तो गोष्ट सांगणाऱ्यावर ठेवण्याचे काम या कलमानेही केले आहे. परंतु कायदा आळ घेणाऱ्याला शिक्षा करतो, आळ ऐकणाऱ्याच्या मनात शंका निर्माण करीत नाही. ते काम कथेचे आहे. मराठीत ते काम करणारी, मंत्रगत्ते हा शब्द जिच्यात भीत भीत उच्चारला जातो अशी, प्राणहितेच्या काठची किशोर-कादंबरी कोणी लिहावी असे मला फार वाटते. तिच्यात परीलोक नसला तरी चालेल.

तोवर ही परक्या मुलखातली कादंबरी मी सांगत राहणार आहे, तिच्या उणिवांसकट. शेवटच्या संध्याकाळी सगळी उठली तरी कोपऱ्यातली मुलगी बसून होती. तिने विचारले, “घर जाळणाऱ्यांना शिक्षा कोणती झाली?”

“कोणालाच नाही,” मी म्हणालो.

“मग टिफनी त्यांच्यातच राहिली?”

“राहिली.”

तिने थोडा विचार केला. “त्यांना चीज पण विकत असेल,” ती म्हणाली, आणि चप्पल घालून निघाली.